समुद्रावरची इर्जिक

समुद्राकाठी राहणाऱ्याला समुद्र फुकट असतो. पण माहेरचं माणूस आलं आणि त्याला तोच समुद्र दाखवायचा झाला, की खर्च दिसायला लागतो. रिक्षा आली, चहा आला, वाळूत बसल्यावर तोंडात टाकायला काहीतरी आलं. माझा थोरला भाऊ विशाखापट्टणला आला तो नेमका महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, आणि त्याच्यापुढे ठेवायला माझ्याकडे समुद्राशिवाय दुसरं काही नव्हतं.

एकोणीसशे पन्नास ते साठच्या मधली ही गोष्ट. आमचं गाव वऱ्हाडातलं, जऊळक्याजवळचं. गावात शाळा चौथीपर्यंत होती, मी तीही पुरती केली नाही. बाप गेला, धाकट्यांना सांभाळायला घरात कोणीतरी हवं होतं, म्हणून तिसरीतच माझी पाटी कोनाड्यात गेली. पुढे लग्न झालं. आमचे हे रेल्वेच्या शेडमध्ये खलाशी, म्हणजे इंजिनांची पडतील ती कामं करणारे. आधी नागपूर होतं, मग बदली झाली ती थेट समुद्राकाठी. तिथली भाषा तेलुगू, मला त्यातलं एक अक्षर येत नव्हतं. शेजारच्या बाईनं मला कोळशाची शेगडी पेटवायला शिकवलं, बाजारात काय कसं मागायचं ते शिकवलं, आणि हळूहळू तेलुगू बोलायलाही. तिचे उपकार कोणत्या जन्मी फिटतील, असं तेव्हाही वाटे, आताही वाटतं.

दादा आला त्या वर्षी पावसाळ्यात मला तापानं धरलं, ते तीन आठवडे सोडलं नाही. आम्ही घरी कळवलं नाही. पण शेडमध्ये आमच्याच भागातल्या कामरगावचा एक जण होता. तो रजेवर गेला आणि वाट वाकडी करून आमच्या गावी जाऊन मायला सांगून आला, की पोरीची काडी झाली.

कापूस वेचून घरात पडला आणि दादा निघाला. डोक्यावर गाठोडं, त्यात ज्वारीचं पीठ, तुरीची डाळ, भुईमुगाच्या शेंगा आणि मायनं कुटलेलं तिखट. जेवायला बसल्यावर म्हणाला, “मायनं सांगतलं, तिले घेऊन ये. आठ दिवस राह्यतो. तुहं आवरून घे, मंग निघू.” आणि ह्यांच्याकडे वळून, “जवाईबापू, राग मानू नका. पोरगी चांगली टुणटुणीत झाली का धाडून देऊ.”

“तिची मर्जी,” हे म्हणाले आणि ताटात बघत राहिले.

माझी मर्जी कोणी आजवर विचारली नव्हती, त्यामुळे ती कशी सांगतात हेही मला ठाऊक नव्हतं. मला जायचं नव्हतं, एवढं मात्र पक्कं होतं. आमच्या गावात एक बाई अशीच बरी होईपर्यंत म्हणून माहेरी आली होती, ती तिसऱ्या वर्षीही आईच्या चुलीपुढे बसलेली मी पाहिली होती. बरं होणं कधी संपतं ते माहेरचेच ठरवतात. आणि इथे ती एक खोली होती. भिंतीला ओल, पत्र्यातून शेडचा धूर, पण तिची कडी मी आतून लावत होते. ह्यांनाही सोडून जाववत नव्हतं. मी तापात असताना ह्या माणसानं कामावरून येऊन माझे कपडे धुतले होते.

पण थोरल्या भावाला तोंडावर नाही म्हणायचं कसं? दाखवायचं. मी इथे सुखात आहे, हे आठ दिवसांत त्याच्या डोळ्यांना दिसेल असं करायचं. हा माझा बेत.

पहिल्या दिवशी मी त्याला पायी समुद्रावर नेलं. रिक्षावाला मागे लागला, तर त्याला म्हटलं, माझ्या भावाला चालायची हौस आहे. मायच्या शेंगा भाजून पदरात बांधल्या होत्या, म्हणजे तिथे काही विकत घ्यायला नको. किनाऱ्यावर कलकत्त्याकडचे मोठे लोक येऊन उतरत, त्यांची हॉटेलं होती. हॉटेलाच्या कुंपणाबाहेर एक दगडी बाक होता. तिथे बसलं की आतला बाजा फुकट ऐकू येई, बाग फुकट दिसे. माझी ही ठेवणीतली जागा होती. मी दादाला तिथे बसवलं आणि त्याच्या तोंडाकडे पाहत राहिले.

दादानं बराच वेळ समुद्र पाहिला. मग म्हणाला, “एवढं पाणी. अन् एका वावराच्या कामाचं नाई.”

वेताच्या खुर्च्यांत साहेब लोक पाय लांब करून पडले होते. त्यानं विचारलं, “हे लोकं कायले बसून राह्यले?”

“हवा खाऊन राह्यले, दादा. त्याचे पैसे देतात.”

“हवेचे?” त्यानं शेंग फोडली. “आपल्या वावरात काय हवा नाई? या म्हणा आमच्याकडे. अर्ध्या पैशात देऊ, वरून भाकर.”

मी हसले आणि उरलेल्या शेंगा त्याच्यापुढे केल्या. दुसऱ्या दिवशी दीपगृहाच्या टेकडीखाली नेलं, बंदरात शिरणारी बोट दाखवली. बोटीनं भोंगा वाजवला तेव्हा तो दचकला आणि मग दचकलो म्हणून चिडला. संध्याकाळी घरी येताना म्हणाला, “चाल चाल चालवतेस मले, अन् तूच धापा टाकून राह्यली. मायनं बरोबरच सांगतलं.”

माझा बेत माझ्यावरच उलटत होता. दाखवायला गेले सुख, दिसली माझी धाप.

तिसऱ्या दिवशी पहाटे त्याला अंघोळीला नेलं. समुद्राच्या अंघोळीला पैसे नाहीत, आणि समुद्रात न्हालो हे गावात सांगायलाही बरं. हॉटेलांच्या खालच्या अंगाला कोळ्यांचं जाळं ओढणं चालू होतं. जाळं दूर पाण्यात, त्याचे दोन दोर किनाऱ्यावर, प्रत्येक दोराला दहा-बारा माणसं. “लागू! लागू!” म्हणत ओढत होती. लागू म्हणजे ओढ. अलीकडच्या दोरावर माणसं कमी होती, दोर सारखा पाण्याकडे सरकत होता.

मी दादाला सांगत होते की इथे वाळू घट्ट आहे, इथे उतर. बघते तर दादा जवळ नाही. धोतर खोचून, डोक्याचं फडकं कमरेला बांधून तो दोराला लागला होता.

“दादा! ते त्याहीचं काम हाय!”

“मंग? काम दिसलं तं हात लावा लागते. इर्जिक हाय नं ते!”

आमच्याकडे कोणाचं शेत मागे पडलं की सारं गाव एक दिवस आपले बैल, आपले हात घेऊन त्याच्या वावरात उतरतं. ती इर्जिक. मजुरी कोणी घेत नाही. धन्यानं संध्याकाळी सगळ्यांना जेवू घालायचं, आणि पंगत झाल्याशिवाय कोणी घरी जायचं नाही. जेवण सोडून गेला तर तो धन्याचा अपमान. दादाला वीस माणसं एका जाळ्याला लागलेली दिसली आणि त्याला दुसरं काही सुचलंच नाही.

तो टाचा रोवून, जागा धरून ओढत राहिला. दोर ओढायची तिथली रीत निराळी. शेवटचा माणूस दोर सोडून पुढे पाण्याजवळ जातो आणि नव्यानं धरतो, अशी रांग फिरत राहते. दादा रांगेच्या शेवटी पोचला तरी हलेना. मागे दोराची गुंडाळी त्याच्या पायात आली. एका म्हाताऱ्या कोळणीनं त्याच्या पाठीत थाप घालून त्याला पुढे ढकललं आणि असं काही बोलली की सगळी रांग हसायला लागली.

“काय म्हणते थे?” दादानं ओरडून मला विचारलं.

“म्हणते, हा बैल खांबाला बांधायचा हाय का चालवायचा?”

दादा हसला. बाप गेल्यापासून मी त्याला असं दात दाखवून हसताना पाहिलं नव्हतं. “तिले सांग, बैल वऱ्हाडातला हाय. रस्ता दाखव, मंग पाहून घे!”

मी ते तेलुगूत सांगितलं. पुन्हा हशा पिकला.

जाळं बाहेर आलं. रुप्याच्या पैशांसारखे मासे वाळूवर तडफडायला लागले. वाटे पडले, आणि मुख्य कोळ्यानं एक लहान वाटा दादापुढे ठेवला. दादाच्या गळ्यात तुळशीची माळ. तो मासा शिवत नाही. त्यानं हात जोडले, वाट्यापासून दोन हात लांब सरकला आणि वाळूत मांडी घालून बसला.

लोक आवरायला लागले. तो बसूनच.

“दादा, चाल नं.”

“काहून? पंगत व्हायची हाय.”

“अरे दादा, इथं पंगत नसते.”

“नसते कशी? वीस माणसं राबली. असा उठून गेलो तं त्याईले काय वाटीन?”

कोळ्यांना वाटलं वाटा कमी पडला म्हणून रुसला. मुख्यानं आणखी चार मासे टाकले. दादानं पुन्हा हात जोडले. आता भोवती पोरं जमली, हॉटेलाच्या कठड्यावरून दोन साहेबही वाकून बघायला लागले. मला रडू फुटायच्या बेतात होतं. माहेरचा माणूस, आमचा पाहुणा, आणि असा वाळूत मजुरासारखा, भिकाऱ्यासारखा बसलेला. हे मायच्या कानावर गेलं तर? शेडमधल्या कोणी पाहिलं तर?

शेवटी मी त्या म्हातारीजवळ गेले आणि अडखळत सगळं सांगितलं. आमच्या गावाची रीत, माळ, पंगत. तिनं ऐकून घेतलं. मग आपल्या नावेच्या सावलीत ठेवलेलं मडकं आणलं. त्यात आदल्या रात्री पाण्यात घातलेला भात होता. तिनं तो ओंजळीनं एका पानावर काढला, वर कांदा आणि हिरवी मिरची ठेवली, पान दादापुढे ठेवलं आणि दुसऱ्या पानावर घेऊन स्वतःही समोर बसली. मग मुख्य कोळी बसला. मग अजून तिघं-चौघं.

दादा पोटभर जेवला. उठताना म्हणाला, “आता झाली इर्जिक.” माशांच्या वाट्याकडे बोट करून मला म्हणाला, “थे तुह्या शेजारणीले नेऊन दे. तुले शिकवलं म्हणतेस नं तिनं.” आयतं समोर आलेलं उपकार फेडायला कसं लावायचं, हे त्याला कळत होतं. मला सुचलं नसतं.

त्यानंतर त्याला बाक नको, बोट नको, टेकडी नको. रोज पहाटे जाळ्यावर. मी वाळूत बायकांजवळ बसे, मला माहेरी जायचं नाही हे त्यांना एव्हाना ठाऊक झालं होतं. जाळं आलं की भात, मग तो पाण्यात उतरे आणि लाटेवर उताणा पडून ओरडे, “बाप्पा, काय गंमत हाय ही!” ज्या गमतीसाठी लोक कलकत्त्याहून येऊन पैसे मोजत, ती माझ्या भावानं अशी मिळवली. कोळी त्याला ‘अन्ना’ म्हणू लागले. अन्ना म्हणजे थोरला भाऊ. तो त्यांच्याशी वऱ्हाडीत बोले, ते त्याच्याशी तेलुगूत. जिथे अडे तिथे मला हाक मारत. ते चार-पाच दिवस मी नुसती इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे बोलत होते.

सातव्या दिवशी म्हातारीनं विचारलं, उद्या अन्ना कुठल्या गाडीनं जातो? मी सांगितलं. ती म्हणाली, आणि तू? मी बोटानं वाळू उकरायला लागले. ती चिडून म्हणाली, जायचं नाही तर तसं सांगत का नाहीस? मीही जरा जोरातच उत्तर दिलं, की मोठ्या भावापुढे मी काय बोलणार. ती आणखी बोलली, मी आणखी बोलले. दादा ओल्या अंगानं उभा राहून आमच्या दोघींकडे आळीपाळीनं पाहत होता.

घरी येताना वाटेत तो म्हणाला, “भांडलीस काहून?”

“नाई, असंच.”

“मले समजत नाई म्हणून खोटं सांगू नको. कायच्यासाठी भांडलीस?”

मी चालता चालता, त्याच्याकडे न बघता म्हणाले, “मले इथंच राह्याचं हाय, दादा.”

एवढंच. एवढं म्हणायला मला सात दिवस लागले. त्यानं ओलं फडकं पिळून खांद्यावर टाकलं. मग म्हणाला, “घरी तू कधी कोनाशी भांडली नाई. मी म्हणो, आमची बाई गरीब गाय हाय. थे म्हातारी मले पहिल्या दिवशी बैल म्हणते, अन् आज तू तिच्यावर डाफरून राह्यली.” पुढे दहा पावलं गेल्यावर, “ऱ्हाय. मायले मी पाहून घेईन. मले शिव्या देईन थे चार दिवस. देऊ दे.”

मी रडायला लागले. तो गडबडला. “रडू नको बाप्पा, लोकं म्हणतीन, मी मारलं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. गाडी सुटली, हे तसेच शेडकडे धावले आणि मी एकटी परत निघाले. वाटेत मला भीती वाटायला लागली. शाळा दुसऱ्यांनी सोडवली, लग्न दुसऱ्यांनी लावलं, इथे बदलीनं आणलं. आजवर जे झालं त्याचा दोष द्यायला कोणीतरी होतं. आता पुन्हा आजारी पडले, महिनाअखेर चूल थंड राहिली, तर म्हणणार कोणाला? राहते असं मीच म्हटलं होतं. बरं वाटत होतं आणि धास्तीही होती, दोन्ही एकदमच.

आणि एक गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती. दादा आला त्याच रात्री मला इतकी खात्री झाली होती की आपलं काही चालणार नाही, की दुसऱ्या दिवशी सकाळीच मी माझं मोठं पातेलं शेजारणीला देऊन टाकलं होतं. म्हटलं, मी जाते आहे, तुम्ही वापरा. आता ते परत मागायला तिच्या दारात उभी राहिले.

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग चुलीवरच्या माझ्या पातेल्याकडे. त्यात तिचं चारू, म्हणजे चिंचेचं आंबट सार, उकळत होतं.

“हे संपल्याशिवाय मिळणार नाही,” ती म्हणाली आणि माझ्यासाठी पाट टाकला.