उलटं चालणारा माळी

जळोचीत बंगला बांधल्यावर पुढं लॉन केलं. घरातला पहिला पदवीधर मी, तेवढी हौस केली. आमचा माळी तण उगवायच्या आधीच तणनाशक मारतो, तेही उलटं चालत, म्हणजे फवारलेल्या मातीवर पाय पडत नाही. शेजारी हसतात, "तण कुठं दिसतंय?"

"दिसू न्हाय म्हणूनच तर," माळी म्हणतो.

यंदा आईनं लॉनच्या कोपऱ्यात धने पेरले आणि माळ्याच्या फवारणी पंपापुढं आडवी उभी राहिली. ते औषध कोथिंबीरही उगवू देत नाही.

"आई, लॉन आहे ते," मी म्हणालो.

माळ्यानं पंप बंद केला. "आक्का, तुमचा कोपरा सोडला. तितलं तण मी खुरपीन."

आता तो तिथं गुडघ्यांवर पुढं सरकत खुरपतो. शेजारी बसून आई बजावते, "हळू रं, कोथिंबीर हाय ती."