पहिला ग्लास

टाकी भरली की पहिला ग्लास तो स्वतः प्यायचा. उन्हात धरायचा, हुंगायचा, मग एका दमात संपवायचा. "आधी माझं पोट," म्हणायचा. "मग बाकीच्यांची."

अंधेरीत रस्त्याच्या कडेला व्हॅनिटी व्हॅन उभ्या असतात, तुम्हीही बघितल्या असतील. शूटिंगवाल्यांची खोली, आरसा, संडास, सगळं गाडीतच. तसल्याच एका गाडीवर मी ड्रायव्हर आणि तो पाण्याचा, साफसफाईचा माणूस. मालवणकडचा. पाणी भरायचा पांढरा पाईप गळ्यात घालून फिरायचा, दोन्ही टोकांना फडकं बांधून. जमिनीला टेकू द्यायचा नाही. मेकअपवाले चिडवायचे, "काका, हार घातला, नवरी कुठाय?" तो म्हणायचा, "आधी पाणी भरतंय, मगे बघू."

महिन्याला टाकीत ब्लीचिंगचं पाणी. एकेक नळ वास येईपर्यंत सोडायचा, काही तास तसंच ठेवायचं, मग वास जाईपर्यंत धूत बसायचं. मी म्हणायचो, "कोण बघतंय रे?"

"पोट बघता," तो म्हणायचा.

त्या दिवशी माझी बायको घाटकोपरला हॉस्पिटलात होती. तिच्याकडे जाऊन वेळेवर कामाला लागायचं होतं. तो यायच्या आधी घाईत मी संडासाची टाकी त्याच्या पाईपने धुतली आणि त्याच पाईपने प्यायचं पाणी भरलं. गाडी वर्सोव्याला लावली. तो आला, ग्लास भरला, उन्हात धरला. पाणी स्वच्छ दिसत होतं. ओठाला लावला तेव्हा मी म्हणालो, "थांब."

काय केलं ते सांगितलं. शिवी देईल असं वाटलं. त्याने ग्लास ओतला, सुरीने पाईपाचे तुकडे केले आणि टाकीचं बूच काढलं. सगळं पाणी रस्त्यावर. दुपारपर्यंत शूटिंग अडलं. गाडीचा मालक, आमचा शेठ, आला.

"कुणी केलं हे?"

"पाईप माझा," तो म्हणाला.

शेठने त्याला तिथल्या तिथे काढलं. मी स्टिअरिंगकडे बघत बसलो. बायकोचा इलाज चालू होता, नोकरी हवी होती. ते खरं. मी गप्प बसलो, हेही खरं.

बायकोला घरी आणल्यावर तिला सांगितलं. ती म्हणाली, "लाज नाही वाटली? बोलाव त्याला."

तो आला. मी तोंड उघडलं तसा म्हणाला, "थांब म्हणालास ना तू? पुरे." मग आमच्या पाण्याच्या पिंपात डोकावला, बाह्या वर केल्या, पिंप घासून घासून धुतलं. उकळून गार केलेलं पाणी भरलं. पहिला ग्लास स्वतः प्याला. दुसरा तिला दिला. "घ्या वैनी."

महिन्याभरात ती गेली. मग मी शेठकडे जाऊन खरं सांगितलं. शेठने त्याला निरोप धाडला, तोवर तो गावी गेलेला. परत आला नाही. तिकडेच वारला, त्याच्या मुलाने फोन करून कळवलं.

पिंप मी अजून त्याच्यासारखंच धुतो. पहिला ग्लास खिडकीत उन्हात धरतो आणि पितो. सवयीने दुसराही भरतो. तो तसाच ओट्यावर राहतो.