तोफेची ट्रायल

आमच्या बसदुरुस्तीच्या शेडमध्ये ब्रेकचं काम एकाच गड्याच्या हातचं. त्याला सगळे तोफ म्हणतात, कारण तोंडाआधी त्याचा हात सुटतो. मी युनियनचा. त्याच्यापायी साहेबांच्या टेबलावर इतक्यांदा मूठ आपटलीय की टेबल अजून डुगडुगतं. पण गेल्या महिन्यात त्याने रंगाऱ्याच्या कानाखाली जाळ काढला आणि साहेबांनी लेखीच दिलं: आणखी एक तक्रार आली, की कायमचं घरी.

डॉक्टरीणबाईंकडे मीच त्याला ओढत नेलं. बाईंनी खोदून खोदून विचारलं. मग म्हणाल्या, "मेंदूत सेरोटोनिन नावाचं रसायन असतं. ते कमी पडलं तर काहींना राग आवरणं जड जातं. अर्थात, तेवढंच एक कारण नसतं हं."

"म्हणजे ब्रेक ऑइल कमी!" तोफ खूश. "इंजिन ठणठणीत!"

गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतील, हे बाईंनी सांगितलं तेव्हा गडी दाराबाहेर पोचलासुद्धा होता.

आमच्याकडे नियम असा, की ऑइल भरलं की लगेच ट्रायल. दुसऱ्या दिवशी पहिली गोळी गिळून तोफ शेडच्या मधोमध उभा. "घाला रे शिव्या! ब्रेक धरतो का बघू."

वायरमन म्हणाला, "टकल्या!" तोफ हसला. टायरवाला म्हणाला, "कुंभकर्णा!" तोफ हसला, पण जरा कमी. मग रंगारी गाल चोळत पुढे आला. "तुझ्या ब्रेकपेक्षा माझा रंग जास्त टिकतो."

कामाला नाव ठेवलं! पाना वर गेला. आम्ही तिघं त्या हाताला लोंबकळलो आणि नेमके साहेब दारात.

"ट्रायल होती, साहेब," मी म्हटलं. इतकं लंगडं मी जन्मात बोललो नव्हतो.

साहेबांनी रंगाऱ्याला विचारलं, "तक्रार आहे?"

रंगाऱ्याने पान्याकडे पाहिलं, तोफेच्या पडलेल्या तोंडाकडे पाहिलं. "ट्रायलची कसली तक्रार? पण ही गाडी इतक्यात रस्त्यावर सोडू नका."

घरी तोफेने बहिणीपुढे गाऱ्हाणं मांडलं, "ताई, माझा काय दोष? सेरोटोनिनच कमी."

ताई शिलाई मशीनवरून मान न उचलता म्हणाली, "ब्रेक लागत नसला तर ड्रायव्हरला काय सांगतोस?"

"गाडी काढू नको म्हणतो."

"मग?"

तेव्हापासून डोकं तापलं की तोफ बसखालच्या खड्ड्यात उतरतो. गोळ्या चालू आहेत, दोन महिने झाले, रागापायी उतरणंही कमी झालंय, आता बहुतेक कामापुरतंच उतरतो. रंगारी मात्र रोज वरून ओरडतो, "रंगच टिकतो!"

खालून आवाज येतो, "टिकतो रे बाबा! आता तो पाना दे."

आणि रंगारी देतो.