बुरुजावरचा कोबा

माझी बायको मंजुळा गेली तेव्हा मी बुरुजावर कंगोरे दुरुस्त करत होतो. धानोऱ्याकडच्या जंगलातला जुना शिकारबंगला आहे, त्याचा बुरूज. "छातीत दुखून राह्यलं, जरा पडते," म्हणून ती दुपारी घरी गेली, आन् तासाभरात शेजारीण धावत आली… त्याला पाच आठवडे झाले.

मी गवंडी. शाळा चौथीपर्यंत. पण तो बंगला पाहून मी येडाच झालो होतो! कुण्या जमीनदारानं वाघ मारायला यायचं म्हणून बांधला, आन् थाट किल्ल्याचा. दोन हात जाड भिंती, माथ्यावर कंगोरे, बंदुकीसाठी उभ्या चिरा. गोळी कधी सुटली की नाई देव जाणे, हवा मात्र अशी येते की पंखा नको! चार बुरूज. तीन भरीव, नुसते दिखाव्याचे. चौथा पोकळ, आत जिना, वर गोल खोली. तिचंच छत गळायचं. बंगला आता नागपूरच्या एका वकिलांनी राहायला घेतला. त्यांच्या इंजिनिअरनं लिहून दिलं, हा बुरूज पाडा.

मंजुळा सरळ वकिलांपुढे उभी राहिली. "पाडता काऊन, साहेब? छत आमी करतो. सात दिवस वर पाणी भरून ठेवा. एक थेंब गळला तर खुशाल पाडा."

मी म्हटलं, "तू कोण ठरवणारी?"

"तुमच्यापेक्षा शाणी."

चुना, विटांचे तुकडे, गूळ, हिरड्याचं पाणी… पाच बायांना घेऊन तिनं लाकडी थाप्यांनी कोबा ठोकला. दिवसच्या दिवस! कच्चा असला की आवाज भद्द, पिकला की टणटण. ती कानावरच काम करायची. मला घाई. एका कोपऱ्यात मी गुपचूप सिमेंट घातलं. दुसऱ्या दिवशी तिथं थापी पडली आन् ती थांबली.

"इथी काय घातलं?"

मी घमेलं उचलून निघालो.

"सांगता का फोडू?"

बाया तोंडाला पदर लावून हसून राह्यल्या. मीच फोडलं, खाली मुंडी घालून. कोबा पुरा झाला आन् तिसऱ्या दिवशी ती गेली.

तेरवीनंतर छतावर पाणी भरलं. सात दिवस मी छताखालच्या गोल खोलीत मान वर करून बसलो. आठव्या दिवशी इंजिनिअरनं छताला आतून हात फिरवला. कोरडं! खडखडीत कोरडं! वकील म्हणाले, "भाऊ, बुरूज राहिला." मी धडाधडा जिना उतरलो, सायकल काढली, तिला सांगायला निघालो… फाटकापर्यंत गेलो ना.

तिथून मागं फिरलो. दुपारचा डबा आता त्याच खोलीत खातो. तिच्याशी मोठ्यानं बोलतो.