बायकांच्या कार्यक्रमाची बॅटरी

मेहकरजवळच्या आमच्या गावात तेव्हा एकच रेडिओ होता, ग्रामपंचायतीचा. पुरुषमंडळी चावडीवर बसून आठवडाभर बातम्या, बाजारभाव, भजनं सगळं ऐकायची. बुधवारी बायकांचा कार्यक्रम लागला, की शिपाई लगेच बटण बंद करायचा. म्हणायचा, "बॅटरी वाचवा लागते, बाई." जसा काही बॅटरीला आमचाच कार्यक्रम जड होत होता!

एका बुधवारी आम्ही सातजणी तुरीच्या डाळीची सुपं घेऊन चावडीवरच जाऊन बसलो. त्याचा हात बटणाकडे गेला तशी मी म्हणाले, "खुशाल बंद करा, भाऊ. तुम्ही बॅटरी वाचवा, आमी सरपण वाचवतो. आज आमच्यापैकी एकीच्याबी घरी चूल पेटत नाई."

आमचे नवरे तिथंच बसले होते. सगळ्यात आधी माझाच ओरडला, "राहू दे बे, चालू राहू दे!"