पहिला खाना

आमचे बापू कोणतंही पुस्तक मागून उघडत. शेवटचं पान समोर आलं की क्षणभर दचकत, पुस्तकालाच "माफ करना" म्हणत आणि मग ते फिरवून घेत. वर्तमानपत्राचंही तेच. आधी शेवटच्या पानावरचे साबण नि केशतेलं, मग सरकार. परभणीकडच्या शेतकऱ्याचा हा मुलगा निजामाच्या राज्यात पहिलीपासून उर्दू शाळेत शिकला होता, आणि उर्दू उजवीकडून डावीकडे चालते. बापू मराठीत बोलत, मराठीत भांडत, मराठीत आरती म्हणत. डोळे मात्र कायम उजवीकडून निघत. आई म्हणायची, "लग्नात होमाभोवतीसुद्धा उलटे निघाले होते. भटजींनी शेरवानी धरली म्हणून हे लग्न टिकलं." त्यावर बापू शांतपणे म्हणत, "भटजी घाईत होते."

ते जमीनमोजणीच्या कचेरीत अहलकार, म्हणजे कारकून होते. आम्ही हैदराबाद शहरात, नल्लकुंट्याला राहत होतो. मी, शकू, एकुलती एक, दहा वर्षांची. त्या वर्षी, म्हणजे १९५६ साली, हैदराबाद राज्याचे तीन तुकडे करायचं ठरलं होतं. कन्नड मुलूख म्हैसूरला जाणार, मराठवाडा मुंबई राज्यात, आणि शहर आंध्रात. कचेरीतल्या मराठी माणसांना सरकार विचारणार होतं, इथंच राहता की मराठवाड्यात जाता? साऱ्या शहराच्या तोंडी हाच विषय. आमच्या घरात मात्र त्याहून मोठा प्रश्न होता: शकू लाल कमानीच्या शाळेत लागणार का?

लाल कमानीची शाळा मुलींची, इंग्रजी, आणि इतकी निवडक की फाटकावरचा चौकीदारही आल्यागेल्याची तोंडी परीक्षा घेई. जागा तीस, उमेदवार अर्धं शहर. बापूंनी जेवताना जाहीर केलं, "शकू पास झाली तर आपण इथं राहणार. नापास झाली तर परभणी." आईची पोळी तव्यावरच राहिली. राज्याचं काय करायचं ते दिल्लीनं ठरवलं होतं. आमच्या घराचं काय होणार ते माझ्या अपूर्णांकांवर येऊन पडलं.

खरं सांगायचं तर बापूंना परभणीला जायचंच नव्हतं. कचेरी सुटल्यावर तिथल्याच करीमसाहेबांबरोबर नारायणगुड्याच्या हॉटेलात, डॉक्टरांनी बंद केलेली साखर घालून, एक चहा दोघांत घेतला नाही, तर त्यांना दिवस मावळल्यासारखा वाटत नसे. पण हे कोण कबूल करणार? "मी काय, कुठंही राहीन. पोरीच्या तालीमचा, शिक्षणाचा सवाल आहे," असं ते म्हणत. अशा वेळी मुलांचा फार उपयोग होतो.

बापूंचं एक ब्रीदवाक्य होतं: "सवाल नीट वाच. जवाब सवालातच बसलेला असतो." मी दात घासताना ते हे सांगत, केस विंचरताना सांगत, न्हाणीघराच्या दाराबाहेर उभे राहूनही सांगत. आई आतून ओरडायची, "अहो, तिला अंग तरी पुसू द्या! सवाल पळून नाही जात." माझ्या बुद्धीसाठी रोज पाच बदाम भिजत घातलेले असत. सकाळी बापू काळजीनं येरझारा घालत आणि जाता-येता एकेक बदाम स्वतःच्या तोंडात टाकत. परीक्षेपर्यंत त्यांची स्मरणशक्ती चांगलीच वाढली.

एक दिवस करीमसाहेबांनी कुठूनशी जुन्या परीक्षेची प्रश्नपत्रिका मिळवून दिली. तीत चार चित्रं ओळीनं छापली होती आणि त्यांवरून गोष्ट सांगायची होती. पोरगा केळं खातो. साल रस्त्यात टाकतो. एक ढेरपोटे गृहस्थ घसरून पडतात. शेवटी तेच गृहस्थ पट्ट्या बांधून खाटेवर. बापूंनी चष्मा चढवला, बोट उजव्या टोकाला ठेवलं आणि गोष्ट सुरू केली.

"एक गृहस्थ खाटेवर पडलेले होते. त्यांच्या पट्ट्या सुटल्या, ते रस्त्यावर आले, आणि जरासे आडवे झाले, विश्रांतीसाठी. तेवढ्यात एका पोराला रस्त्यात साल सापडली. त्यानं ती उचलली. आणि बघ शकू, चांगल्या कामाचं फळ! पोराला अख्खं केळं मिळालं."

आई हसून हसून चुलीपुढे बसली. "अहो, उलटं वाचलंत सगळं! पोरगं वाह्यात आहे, त्या माणसाचा पाय मोडलाय!"

बापूंनी पुन्हा डावीकडून पाहिलं. गृहस्थ पडले, पाय मोडला. त्यांनी पत्रिका खाली ठेवली. "ही गोष्ट मला पसंत नाही. माझी बरी होती." मलाही तसंच वाटलं.

परीक्षेच्या दिवशी लाल कमानीबाहेर लिंबाच्या झाडाखाली पालकांचा मेळा भरला होता. मुली गप्प होत्या, परीक्षा पालकांचीच चालली होती. कुणाची मुलगी सोळापर्यंतचे पाढे झोपेत म्हणत होती, कुणाची इंग्रजीत शिंकत होती. एका बाईंनी मुलीच्या कपाळाला, हाताला आणि पेन्सिलीलाही अंगारा लावला होता. बापू मला बाजूला घेऊन म्हणाले, "घाबरायचं नाही. बिलकुल नाही. सवाल..."

"नीट वाच," मी म्हटलं.

"हौ. बस्स, तेवढंच." आणि त्यांनी माझ्या हातात पेन्सिलीऐवजी स्वतःचा चष्मा दिला.

गणित बरं गेलं, इंग्रजी जेमतेम. शेवटी तोंडी परीक्षा. टेबलामागे शाळेच्या मोठ्या मॅडम, त्यांच्यापुढे चार चित्रं. मुलगी डोक्यावर घागर घेऊन निघते. कुत्रा अंगावर येतो. घागर फुटते. मुलगी रडते. मॅडम हिंदुस्तानीत म्हणाल्या, "यावरून गोष्ट सांग."

मी सवाल नीट वाचला. डावीकडून वाचला. आतापर्यंत आलेल्या प्रत्येक मुलीनं ती घागर फोडली असणार, हे दिसतच होतं. मला परभणी आठवली, बापूंनी हातात दिलेला चष्मा आठवला, आणि मी बोट उजव्या टोकाला ठेवलं. "एक मुलगी रडत होती. मग खापऱ्या गोळा झाल्या आणि त्यांची घागर झाली. कुत्र्याला लाज वाटली, तो मागं सरला. आणि मुलगी भरलेली घागर घेऊन घरी गेली."

मॅडमनी चष्मा काढला. "असं वाचायला कुणी शिकवलं?"

"बापूंनी. ते उर्दू शाळेत शिकलेत."

मॅडम इतक्या हसल्या, की बाहेरचा चौकीदार आत डोकावला. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि मला जायला सांगितलं. आठ दिवसांनी फाटकावर यादी लागली. बापू ती उजवीकडून, डावीकडून आणि वरून-खालून वाचून आले. माझं नाव होतं. सत्ताविसावं, पण होतं. त्या दिवशी नारायणगुड्याला दोघांत एक नाही, दोघांना दोन चहा झाले.

त्याच आठवड्यात कचेरीत पसंतीचा फॉर्म आला. इंग्रजीत छापलेला, खाली दोन चौकटी शेजारी शेजारी: डावी इथं राहण्याची, उजवी मराठवाड्याची. आता बापूंची परीक्षा होती, आणि तयारी त्यांनी माझ्यासारखीच केली. कोऱ्या कागदावर दोन चौकटी आखून त्यांनी सात वेळा सराव केला. सातही वेळा डावीकडे, बरोबर. आईनं तपासून दिलं. सकाळी मी त्यांना म्हटलं, "बापू, सवाल नीट वाचा." आईनं उरलेले बदामही दिले.

कचेरीत मोठे साहेब टेबलाशी उभे राहिले आणि सगळ्यांना एकदम बसवून उर्दूत मोठ्यानं म्हणाले, "जिनको यहीं रहना है, वो पहले खाने में निशान करें." उर्दूत रकान्याला खाना म्हणतात. आणि उर्दूत सांगितलेला पहिला खाना कुठं असतो, हे बापूंना पहिलीपासून ठाऊक होतं. त्यांनी उजव्या चौकटीत सुबक खूण केली, सही केली, आणि वर शाई टिपूनही घेतली.

दोन महिन्यांनी हुकूम आला: परभणी.

करीमसाहेबांनी कपाळावर हात मारला. "अरे बापूमियाँ! साहब उर्दू बोले, मगर फारम तो अंग्रेजी था ना!" बापू साहेबांकडे गेले. साहेबांनी आधी डोळे मिटले, मग उसासा टाकला. चूक करणारे बापू चौथे होते. पण फॉर्म वर गेले होते, मुदत संपली होती, आणि ज्या सरकारकडे दाद मागायची ते सरकारच आता उरलं नव्हतं. त्या वर्षी आमच्या घरातून दोघं परीक्षेला बसले. एक पास झालं.

आई म्हणाली, "चला, आपण सगळेच जाऊ. तिथं काय शाळा नाहीत?" मी लगेच म्हटलं, "हो, जाऊ." बापूंनी पहिल्यांदाच आवाज चढवला. "नक्को! घागर भरून आणलीय पोरीनं. मी नाही फोडणार." असं ठरलं, की आम्ही दोघींनी शहरातल्या माझ्या मामांच्या आधारानं इथं राहायचं आणि बापूंनी एकट्यानं जायचं. चहासाठी शहर सोडवत नसलेला माणूस शाळेसाठी शहर सोडून गेला. पोरीच्या तालीमचा सवाल, ही थाप त्यांनी अशी खरी करून दाखवली.

काचीगुड्याच्या फलाटावर मी रडत होते. गाडीच्या खिडकीतून बापू म्हणाले, "शकू, हे चित्र उजवीकडून वाच. बघ, गाडी मागं मागं येतीय. बापू खाली उतरले. घरी गेले. तुझी आई चहा टाकतीय."

"त्यात साखर किती?" आईनं पदरानं नाक पुसत विचारलं.

"दोन चमचे. उलट्या गोष्टीत डॉक्टर नसतो."

अकरा वर्षं ते सणासुदीला येत आणि जात राहिले. दर आठवड्याला त्यांचं पोस्टकार्ड यायचं, मराठीत. पण पत्ता घाईत चुकीच्या बाजूला लिहिलेला. आमचा पोस्टमन बिचारा कार्ड उलटसुलट करून आणून द्यायचा. निवृत्त होऊन ते परतले, त्या दिवशी मी एकटीच काचीगुड्याला गेले होते; आई घरी चहा टाकत होती. केस पिकलेले, शेरवानी तीच. मी पिशवीतून एक अख्खं केळं काढून त्यांच्या हातात ठेवलं.

बापूंनी केळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग फलाटावर उभं राहूनच ते सोलून खाल्लं. साल हातात घेऊन त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. एक ढेरपोटे गृहस्थ घाईघाईनं येत होते. बापूंनी साल नीट घडी करून शेरवानीच्या खिशात घातली आणि त्यांना वाट दिली.

बापू गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. ती शेरवानी माझ्याकडे आहे. केळ्याचा डाग अजून गेलेला नाही. उजव्या खिशावर, अर्थातच.