सिकरूममधली हवा

आई गेल्यावर मी दौलताबादचं घर बंद केलं आणि शहरात नोकरी धरली. आई किल्ल्याच्या दरवाजासमोर पेरू विकायची. येणाऱ्याजाणाऱ्या प्रवाशांशी तिचं दिवसभर बोलणं चालायचं. भाषा येवो न येवो, तिचं अडत नसे. मी तिच्या उलट. नर्सिंगचं शिक्षण घेतलं, गावाजवळच्या दवाखान्यात बरीच वर्षं काम केलं. लग्न काही जमलं नाही. मग आईचं आजारपण आलं आणि तो विषय आपोआप मागे पडला. ती गेल्यावर घरात भांडं पडलं तरी आवाज मोठा वाटायचा. म्हटलं, निदान माणसं आहेत तिथं जाऊन राहावं.

शाळा बीड बायपासच्या पलीकडे होती. दुष्काळाची वर्षं होती ती, आणि त्याच वर्षांत शहर त्या बाजूला नुसतं धावत सुटलं होतं. कालपर्यंत तूर-कपाशी होती तिथं आज पत्र्याचं कुंपण आणि क्रेन. शाळेची इमारतही नवीच, सगळी एसीची. हिवाळ्यात गरम आणि उन्हाळ्यात थंड हवा एकाच पाइपातून यायची. गच्चीवर मोठी यंत्रं होती, तिथून पत्र्याचे रुंद पाइप छतातून प्रत्येक वर्गात गेलेले. खिडक्यांना काचा होत्या, पण त्या उघडत नसत.

तळमजल्यावर जिन्याशेजारी माझी खोली. दारावर ‘सिकरूम’ अशी पाटी. दोन पलंग, औषधांचं कपाट, एक खुर्ची. सगळी मला सिस्टर म्हणत. शिक्षक, मुलं, शिपाईसुद्धा. माझं नाव काय, हे वर्षभरात कुणी विचारलं नाही. कुणी वाईट वागत होतं असं मुळीच नाही. शिक्षकांची बसायची खोली वरच्या मजल्यावर होती आणि मला सिकरूम सोडून जाता यायचं नाही, एवढंच. डबा मी तिथंच खायची, दार उघडं ठेवून.

राहायला जवळच्याच एका नव्या इमारतीत जागा मिळाली. तिथले बरेचसे फ्लॅट लोकांनी नुसते घेऊन ठेवले होते. संध्याकाळी खाली उभं राहून वर बघितलं की मोजक्या खिडक्यांत उजेड दिसायचा. टँकर आला की वॉचमन हाक मारायचा, “ताई, पाणी भरून घ्या.” काही काही दिवशी शाळा सुटल्यानंतर माझ्याशी कुणी बोललेलं तेवढं एकच वाक्य असायचं.

मला सोबत दिली ती सहावीतल्या एका मुलीनं. तिला दमा होता. वडील वाळूजच्या कारखान्यात इंजिनिअर, आई नागपूरला कॉलेजात शिकवायची, त्यामुळे इथं ती आणि वडील असे दोघंच. खेळाच्या तासाला तिला मैदानावर जायची मनाई होती. मैदान कसलं, पाण्यावाचून हिरवळ केव्हाच जळून गेली होती, नुसता फुफाटा. मग तो तास ती माझ्याकडे काढायची.

“सिस्टर, मी आले,” म्हणत ती आत यायची, बूट काढून पलंगावर मांडी घालून बसायची. छातीत घरघर असली तर मी तिला दम्याचा पंप द्यायची, नसली तर नुसत्या गप्पा. माझ्या डब्यातली ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी तिला फार आवडायची. तिच्या डब्यात वडिलांनी केलेले सँडविच असत, ते ती मला द्यायची. ते सँडविच मला कधीच आवडले नाहीत, पण मी सगळे खायची.

“तुम्हाला घरी कोण आहे?” तिनं एकदा विचारलं.

“कुणी नाही गं.”

“मग तुम्ही टीव्ही बघता का?”

“बघते की.”

“मी पण,” ती म्हणाली. “बाबांना यायला उशीर होतो ना.”

हळूहळू माझा सगळा दिवस त्या एका तासाभोवती फिरायला लागला. आठवड्यातून दोनदा तिचा खेळाचा तास नसे. ते दिवस मला लांबलचक वाटत.

त्या उन्हाळ्यात सिकरूममध्ये गर्दी वाढली. कुणाला खोकला, कुणाचे डोळे चुरचुरतात, कुणाला नुसत्या शिंका. शाळेसमोरचा रस्ता रुंद करायचं काम चालू होतं आणि मागच्या बाजूला दोन इमारती उठत होत्या. मला वाटायचं, मुलं बाहेरून धूळ घेऊन येतात. पण मी सकाळी स्वच्छ चादर घातली की दुपारपर्यंत तिच्यावर बोट फिरवलं तर रेघ उमटायची, आणि खिडकी तर बंद.

मग एप्रिलमध्ये तो दिवस आला. वीज गेली होती, बराच वेळ आली नाही. आली तेव्हा गच्चीवरची यंत्रं एकदम चालू झाली आणि सहावीच्या वर्गात छताच्या जाळीतून धुळीचा लोट खाली आला. ती मुलगी नेमकी त्या जाळीखाली बसलेली. बाई तिला जवळजवळ उचलूनच घेऊन आल्या. ओठ निळसर पडले होते, मानेच्या शिरा ताणलेल्या, तोंडातून शब्द फुटत नव्हता. मी तिला ताठ बसवलं, पंपाला प्लास्टिकचं नळकांडं लावून त्यातून औषध दिलं, थांबले, पुन्हा दिलं. बाईंना म्हटलं, वडिलांना फोन करा आणि गाडी तयार ठेवा. तिनं माझा हात इतका घट्ट धरला होता की नखं रुतली.

“माझ्याकडे बघ. माझ्यासारखा श्वास सोड. सावकाश. असा.”

आम्ही दोघी समोरासमोर बसून श्वास सोडत राहिलो. हळूहळू तिचे खांदे खाली आले. वडील धावत आले, तिला दवाखान्यात घेऊन गेले. संध्याकाळी त्यांचाच फोन आला की ती बरी आहे, झोपली आहे. फोन ठेवला. त्यावेळी कुणाला तरी सांगावंसं वाटलं, की मी आज घाबरले होते. फोनमधले सगळे नंबर बघितले. पुन्हा फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी मी खुर्चीवर चढून सिकरूमच्या जाळीवर पांढरं गॉज बांधलं. आठवडा संपता संपता ते चहाच्या फडक्यासारखं झालं. मी ते सोडवलं आणि तसंच मुख्याध्यापकांच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

त्यांनी ते हातात घेतलं, उजेडात धरलं. मला वाटलं होतं, ते रागावतील. ते म्हणाले, “मला कल्पना आहे सिस्टर. पूर्वी एसीचे फिल्टर दर महिन्याला धुवायचे. आता पाणी कुठून आणू? टँकरचं पाणी मुलांना प्यायला आणि संडासाला पुरत नाही. फिल्टर नुसते झटकून परत बसवतात.”

“त्या मुलीचं काही बरंवाईट झालं असतं, सर.”

त्यांनी गॉज खाली ठेवलं. मग म्हणाले, “सुट्टीत काहीतरी करू. शब्द देतो.”

त्यांनी शब्द पाळला. मे महिन्यात शाळा बंद झाली आणि जुने फिल्टर काढून नवे बसवायचं काम सुरू झालं. मला सुट्टी होती. तरी मी रोज जात होते. सांगायला कारण होतं, औषधांचं कपाट लावायचंय. ते एका दिवसात लावून झालं.

काम बघायला एक पोक्त मिस्त्री होते. शहागंजच्या बाजूला राहायचे, आयुष्य एसीच्या कामात गेलेलं. सगळे त्यांना चाचा म्हणायचे, मीही म्हणायला लागले. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांनी जिन्यात विचारलं, “सिस्टर, शाळेला सुट्टी है ना? मग तुमी कायको येता उन्हातान्हात?”

“घरी तरी काय करू, चाचा?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि वरच्या पायऱ्यांकडे हात केला. “चला, वर चला. तुमच्या पोरांच्या छातीत काय जात होतं ते दाखवतो.”

गच्चीवर ऊन मरणाचं होतं. काढलेले जुने फिल्टर भिंतीला टेकवून ठेवले होते. नायलॉनच्या जाळ्या, मातीनं लिंपल्यासारख्या. एकीवर तर सिमेंटसारखा थर होता, नखानं खरवडला तर पापुद्रा निघाला. नवे फिल्टर खोक्यांत होते. पांढरेशुभ्र, कागदासारख्या कापडाच्या दाट घड्या घातलेले. “हे धुवायचे नाय,” चाचा म्हणाले. “भरले की फेकायचे, नवे लावायचे. पाणी लागतच नाय. पुढं एक साधी जाळी राहील, मोठी धूळ तिथंच अडेल. ती नुसती हवेनं झाडायची.” चौकटीच्या फटींतून हवा निसटू नये म्हणून ते कडेनं फोमची पट्टी चिकटवत होते, बोटानं दाबून दाबून.

दुपारी जिन्याच्या सावलीत आम्ही डबे उघडायचो. ते लेकींबद्दल सांगायचे, एक जालन्यात दिलेली, एक परभणीला. सणाला येतात, चार दिवस घर भरतं, मग परत तेच. “बेगमला म्हणतो, घर लई मोठं झालं आता,” ते म्हणाले. त्यांचं घर दोन खोल्यांचं होतं. मी आईबद्दल सांगितलं. ती गेल्यापासून पहिल्यांदाच कुणाला तरी इतकं सांगितलं असेन. काम संपलं त्या दिवशी ते हत्यारं गोळा करून निघाले, म्हणाले, “दुआ में याद रखना, सिस्टर.” नंतर शाळा उघडेपर्यंत मी घरीच थांबले.

जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि पहिल्याच आठवड्यात तक्रारी आल्या. शेवटच्या वर्गांत हवाच पोचेना, मुलं घामाघूम. लोक म्हणायला लागले, यापेक्षा जुनेच बरे होते. मुख्याध्यापक मला जिन्यात भेटले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. मलाही अपराधी वाटलं. चाचांना परत बोलावलं. दाट फिल्टरमधून हवा ढकलायला जुन्या पंख्याची मोटर कमी पडत होती. मोटर बदलली, दोन दिवसांत शेवटच्या वर्गातही गार हवा लागायला लागली.

मग पाऊस आला, तोही नावापुरता. रस्त्याचं काम चालूच होतं, इमारती उठतच होत्या. पण चादरीवर रेघ उमटेना. खोकणारी मुलं कमी झाली. शिंका थांबल्या. सकाळी उघडलेलं औषधांचं कपाट कधी कधी दुपारी तसंच बंद करायची. कुणी पडलं, खरचटलं, तेवढंच काम.

ती मुलगी पहिले काही दिवस येत राहिली. “सिस्टर, मी आले,” म्हणायची, पण बसली की पाय हलवत राहायची. छातीला नळी लावली तर घरघर नाही. डॉक्टरांनीही औषध कमी केलं होतं. एक दिवस तिनं चाचरत विचारलं, “मी खेळायला जाऊ? डॉक्टर म्हणाले, चालेल. पंप खिशात ठेवायचा.”

“मग जा की.”

“तुम्ही एकट्याच जेवाल.”

“मला सवय आहे गं. तू जा.”

ती गेली. दारातून मागे वळून बघितलं, मग धावत गेली. मैदानाच्या कोपऱ्यात शाळेनं बास्केटबॉलसाठी सिमेंटची जागा केली होती, तिथं धूळ कमी. जिन्याजवळच्या काचेतून मला ती जागा दिसायची. सुरुवातीला ती काठावर उभी असायची. मग कुणीतरी तिच्याकडे चेंडू टाकला. ऑगस्टपर्यंत ती सगळ्यांबरोबर ओरडायला लागली होती. काचेतून आवाज येत नसे, नुसतं तोंड उघडलेलं दिसायचं.

मला आनंद झाला होता. हे मी कुणाला पटवायला सांगत नाही. त्या दिवशीचे निळे ओठ मी बघितले होते, त्यामुळे ती धावताना दिसली की माझ्याच छातीतलं ओझं उतरायचं. आणि तरी डबा उघडला की अर्धी भाकरी तशीच उरायची. दोन्ही एकाच वेळी व्हायचं. मीच गॉज बांधलं, मीच ते टेबलावर नेऊन ठेवलं, आणि माझीच खोली रिकामी झाली. पुन्हा तीच वेळ आली तर मी तेच करेन, हेही मला ठाऊक होतं. त्यानं जेवण काही सोपं होत नव्हतं.

दिवाळीनंतर तिच्या वडिलांनी नागपूरला बदली करून घेतली. आईजवळ जायचं म्हणून ती उड्या मारत होती. शेवटच्या दिवशी मधल्या सुट्टीत ती आली, बरोबर दोन मैत्रिणी.

“सिस्टर, मी चालले नागपूरला.”

“पंप कुठे ठेवतेस?”

“बॅगच्या पुढच्या कप्प्यात.”

“आणि संपत आला की?”

“आधीच नवा घ्यायचा.” तिनं मला कमरेला मिठी मारली. मग एकदम वर बघून विचारलं, “सिस्टर, तुमचं नाव काय?”

मी सांगितलं. तिनं ते एकदा म्हणून बघितलं, हसली, आणि मैत्रिणींनी हाका मारल्या म्हणून पळाली.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी घरी गेले नाही. रिक्षा करून गुलमंडीला उतरले. काही घ्यायचं नव्हतं. दुकानांतून दिवे लागले होते, बायका कापडाचे तागे उलगडून बघत होत्या. एका दुकानदारानं “या ताई, बसा,” म्हणून हाक मारली. मी बसले. तो एकामागून एक तागे काढून समोर टाकत राहिला. हा दाखवू का, तो दाखवू का, पडद्याला पाहिजे का चादरीला? मी म्हटलं, पडद्याला. मला पडदे नको होते. पण तो विचारत राहिला, मी सांगत राहिले. खिडकी केवढी आहे, ऊन कोणत्या बाजूनं येतं, भिंतीचा रंग कोणता. दुकान बंद व्हायच्या सुमारास पडद्याचं फिकं पिवळं कापड पिशवीत घेऊन मी बाहेर पडले आणि बायपासच्या रिक्षासाठी उभी राहिले.